थांबलेला ठिपका

शर्यतीचा नियंत्रण कक्ष म्हणजे पायथ्याच्या गावातल्या शाळेची पडवी. तिथे मी लॅपटॉपसमोर बसलो होतो. नकाशावरचे बाकीचे ठिपके सरकत होते, एक मात्र पंचवीस मिनिटं जागचा हलला नव्हता. त्या धावपटूच्या पत्नी माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. “थांबलेत का ते?” एवढंच त्या विचारत होत्या आणि मला उत्तर देता येत नव्हतं. ते खरंच थांबले असतील, डोंगराआड गेल्यामुळे संदेश पोचत नसेल, नाहीतर बॅटरी संपली असेल. तिन्ही वेळा पडद्यावर दिसणार तेच. शेवटी गावातली दोन पोरं धारेवर चढून गेली. गृहस्थ धडधाकट होते. पाऊस आला म्हणून त्यांनी जाकीट चढवलं होतं, त्यात पट्टा फिरला आणि यंत्राची अँटेनाची बाजू त्यांच्या पाठीला चिकटली. यंत्र आम्हीच बनवलेलं होतं.

धावपटूच्या अंगावर बांधायचा ट्रॅकर बनवायला घेतलेली इंजिनिअरिंगची मुलं आणि शर्यतींचे आयोजक भेटतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: अचूकता किती मीटरची मिळेल? त्याचं उत्तर सोपं आहे. मोकळ्या आकाशाखाली आजचे साधे रिसीव्हरसुद्धा काही मीटरपर्यंत जागा सांगतात आणि माणूस शोधायला तेवढं पुरतं. खरा प्रश्न दुसराच आहे. यंत्र गप्प झालं, तर ते का गप्प झालं हे तुम्हाला कळणार आहे का? अँटेनापासून डबीच्या रंगापर्यंत प्रत्येक निर्णय या प्रश्नापाशी घासून पाहा. हा लेख त्यासाठीच आहे.

आधी शर्यत कुठली ते ठरवा

शहरातल्या मॅरेथॉनमध्ये प्रत्येकाच्या अंगावर ट्रॅकर बांधायच्या फंदात पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे बिबच्या, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या कागदाच्या, मागे चिकटवलेली आरएफआयडी चिप असते, ती रस्त्यावरच्या मॅटवरून गेली की वेळ नोंदली जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, कोणी कोसळलं तर दहा जण धावतात. शिवाय सुरुवातीच्या जागी हजारो फोन एकाच वेळी टॉवरला लटकलेले असतात, त्यामुळे मोबाइलवर चालणारे ट्रॅकर नेमके गर्दीतच अडखळतात. तिथे आघाडीचे पेसर, शेवटचे स्वीपर आणि रुग्णवाहिका यांच्याकडे ट्रॅकर दिले की काम भागतं. तरीही धावपटूंना द्यायचेच असतील, तर जाण्यायेण्याचा रस्ता एक असलेल्या मार्गाची काळजी घ्या. मुंबई मॅरेथॉनसारख्या ठिकाणी जाणारा आणि परतणारा काही पट्ट्यांत एकाच रस्त्यावर असतात. नुसत्या अक्षांश-रेखांशावरून माणूस जातोय की परततोय, ते कळत नाही. म्हणून प्रत्येक नोंद मार्गाच्या रेषेवर बसवा आणि अंतर पुढेच जाईल, मागे येणार नाही, अशी अट घाला.

डोंगरातली गोष्ट वेगळी. पुण्याजवळची सिंहगड, राजगड, तोरणा ही वाट डोळ्यांसमोर आणा. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार ज्यांनी तुडवली आहे, त्यांना माहीत आहे की तिथे पुढचा मागच्याला दिसत नाही. दोन्ही अंगांना उतार, पायाखाली घसारा, बाजूला कारवीचं रान. अशा वाटेवर पाय मुरगळून बसलेला माणूस हाकेच्या अंतरावर असूनही सापडत नाही. ट्रॅकरची खरी गरज इथे आहे.

आणि यंत्र असणं पुरेसं नसतं, हे चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी दिसलं. शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ धावपटू उतरले होते. उंचावर अचानक गारठा, वारा आणि पाऊस आला आणि २१ जण शरीराचं तापमान उतरून दगावले. त्यांच्याकडे जीपीएस ट्रॅकर होते, त्यावर मदतीचं बटणही होतं. पण जिथे ते अडकले त्या चढावर वाहन जात नव्हतं. काही जण वाचले ते एका मेंढपाळाने त्यांना गुहेत नेऊन शेकोटी पेटवली म्हणून. त्यामुळे यंत्राच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर मी एकच ओळ लिहून घेतो: या टप्प्यावर बटण दाबलं गेलं, तर कोण, कुठून, किती वेळात पोचेल?

संदेश कशावरून पाठवायचा

उपग्रहाशी थेट बोलणारी परदेशी यंत्रं या कामाला उत्तम आहेत, पण भारतात ती परवानगीशिवाय जवळ बाळगणं बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी ट्रेल धावपटूला असंच यंत्र बरोबर असल्याबद्दल ताब्यात घेतलं होतं. तेव्हा तो मार्ग सोडून द्या आणि बाहेरून येणाऱ्या स्पर्धकांनाही नोंदणीच्या वेळीच तसं कळवा.

मोबाइलचं नेटवर्क सह्याद्रीत बेभरवशाचं. माथ्यावर रेंज असते, घळीत उतरलं की जाते आणि दोन कंपन्यांचं कव्हरेज दोन तऱ्हेचं. म्हणून मी लोराकडे वळलो. थोड्या ऊर्जेत थोडी माहिती लांबवर पोचवणारी ही रेडिओ पद्धत आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी विनापरवाना खुला आहे. पट्टा खुला असला तरी उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची ईटीए ही मान्यता लागते. ती आधीच मिळालेलं मॉड्यूल विकत घेतलं की पुष्कळ कटकट वाचते. लिथियम सेलही बीआयएस नोंदणीचाच घ्या.

इथे एक खाच आहे. चिप वाचणाऱ्या आरएफआयडी मॅटसुद्धा भारतात याच पट्ट्यात चालतात. मॅटचा रीडर जोरात बोलत असताना शेजारी ठेवलेल्या लोरा गेटवेचे, म्हणजे ट्रॅकरचे संदेश झेलणाऱ्या यंत्राचे, कान बधिर होतात. तपासणी नाक्यावर दोन्ही लावायची असतील तर गेटवे मॅटपासून दूर, उंच बांबूवर न्या, आणि मॅट चालू ठेवून चाचणी घ्या.

गेटवे कुठे लावायचे हे नकाशावर ठरत नाही, पायांनी ठरतं. माहितीपत्रकावरचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. तुम्ही ट्रॅकर अंगावर बांधून, हातात धरून नव्हे, अख्खा मार्ग चालून काढा आणि कोणत्या वळणावर कोणत्या गेटवेला संदेश मिळतो ते नोंदवा. कोरड्या दिवशी एकदा आणि रान ओलं असताना एकदा. किल्ल्यावर किंवा राखीव जंगलात खांब रोवायचा तर पुरातत्त्व आणि वन खात्याची परवानगी काढा. सहसा आसपासच्या वस्तीतल्या एखाद्या उंच घराच्या कौलावरून जवळपास तेवढंच काम होतं, आणि घरमालक गेटवेवर लक्षही ठेवतात. या फेरीतून तुमच्या हाती येतो तो आंधळ्या पट्ट्यांचा नकाशा. तो जपून ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

अंगावर कुठे बांधायचं

८६५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे पाव लहरीची अँटेना साडेआठ सेंटिमीटरच्या वर जाते. अंगावरच्या वस्तूसाठी ही लांबी छोटी नाही. त्यात माणसाचं शरीर म्हणजे खाऱ्या पाण्याची पखाल. ते उपग्रहाचा संकेतही शोषतं आणि लोराचाही, वर अँटेनाला चिकटलं की तिचा सूर बिघडवतं. टेबलावर नीट जुळवलेली अँटेना ओल्या बनियनवर ठेवली की भलत्याच वारंवारतेला गाऊ लागते. नॅनोव्हीएनए नावाचं स्वस्त उपकरण मिळतं. त्यावर अँटेना जुळवताना यंत्र अंगावर, घामेजल्या कपड्यावरच असू द्या.

जागा म्हणाल तर खांदा, किंवा धावण्याच्या व्हेस्टच्या पट्ट्यावर मानेच्या मागची वरची बाजू. तिथून आकाश दिसतं. कमरेचा पट्टा सोयीचा वाटतो, पण वाकून चढताना ट्रॅकर पोटाखाली जातो. मनगटावर तर हात हलून हलून अँटेनाची दिशा सतत बदलत राहते. जीपीएसची सिरॅमिक पॅच अँटेना चौकोनी टिकलीसारखी असते. तिचं तोंड आभाळाकडे राहील अशी डबीची ठेवण हवी, आणि डबी उलटी बसूच नये अशी पट्ट्याची खाच हवी. माझ्याकडून राहिलं ते हेच. आता आमच्या डबीची पाठ वक्र आहे, उलटी घातली तर ती लगेच टोचते आणि धावपटू स्वतःच ती सरळ करतो.

वजन पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा. कडा गोल करा. वीस किलोमीटरनंतर बारीकशी कडासुद्धा काचते आणि चाळीसनंतर सालटं काढते. मग धावपटू ट्रॅकर काढून पिशवीच्या तळाशी टाकतो. यात त्याचा दोष नाही.

बॅटरीचा हिशेब

अनेकांना वाटतं की संदेश पाठवण्यात बॅटरी जाते. हिशेब मांडून बघा. लोरा चिप पाठवताना सव्वाशे मिलिअँपिअरच्या आसपास घेते, पण जेमतेम ०.२ सेकंद. दोन मिनिटांतून एकदा पाठवलं तर सरासरी जेमतेम ०.२ मिलिअँपिअर होते. जीपीएस रिसीव्हर चालू असताना घेतो २५ मिलिअँपिअरच्या घरात. मिनिटातले १० सेकंद चालवला तरी सरासरी ४ च्या वर. म्हणजे बॅटरी खातं ते आकाश चाचपणं. सगळं धरून ६ मिलिअँपिअर, २४ तासांचे साधारण १५० मिलिअँपिअर-तास. पण कड्याखाली, गर्द झाडीत रिसीव्हरला उपग्रह सापडत नाहीत आणि तो सतत चालू राहतो. तेव्हा २४ तासांना ६०० लागतील. बॅटरी या वाईट दिवसासाठी घ्या. सहाशेची लिपो बॅटरी बारा ग्रॅमच्या आसपासच भरते.

आणखी एक बारकावा बऱ्याच जणांकडून सुटतो. प्रत्येक जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो आणि ती काही तासांत शिळी होते. रिसीव्हर प्रत्येक वेळी दहाच सेकंद जागा होत असेल, तर ही माहिती त्याच्या कानावर कधी पुरी पडतच नाही. सकाळी उत्तम चालणारी यंत्रं दुपारी अडखळू लागतात ती यामुळे. दर तासाला एकदा त्याला सलग मिनिटभर जागं ठेवा. सुरुवातीच्या रेषेवरही सगळे ट्रॅकर पंधरा मिनिटं आधी उघड्यावर चालू करा.

रिसीव्हर घेताना ‘नाविक’ची पाटी बघून हुरळू नका. आपल्या इस्रोचे ते उपग्रह कायम भारतीय प्रदेशावर असतात, त्यामुळे दरीतही उपयोगी. पण जुन्या उपग्रहांचा संकेत एल५ आणि एस पट्ट्यांत येतो. एल१ पट्टा आला तो मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून. तुमचा रिसीव्हर नेमका कोणता पट्टा ऐकतो, ते त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्या.

तीनशे जण एकदम बोलले तर

लोरामध्ये पल्ला वाढवायला स्प्रेडिंग फॅक्टर वाढवतात, पण त्याबरोबर संदेश लांबतो. वीस बाइटचा संदेश ७ वर ०.०६ सेकंदात जातो, ९ वर ०.१९ लागतात, १२ वर १.३ सेकंद. तीनशे धावपटूंचा एकेक संदेश १२ वर ओळीने लावला, तर एकाच वाहिनीवर साडेसहा मिनिटं खर्च होतात. आणि ते ओळीत येत नाहीत, एकमेकांवर आदळतात.

उपाय मात्र प्रत्येकाच्या अंगावरच आहे. जीपीएसमुळे सगळ्या यंत्रांना एकच, अचूक वेळ कळते. मग बिब क्रमांकाप्रमाणे प्रत्येकाला पाव सेकंदाचा फाळा नेमून द्या. स्प्रेडिंग फॅक्टर ९ वर तीनशे जणांची फेरी ७५ सेकंदांत संपते. दोन मिनिटांच्या चक्रातले उरलेले ४५ सेकंद मोकळे ठेवा. ज्या यंत्राला बराच वेळ उपग्रह दिसलेला नाही त्याचं घड्याळ तासाला ०.०७ सेकंदांनी सरकू शकतं, त्याने शेजाऱ्याच्या फाळ्यात न घुसता या मोकळ्या वेळात बोलावं. गेटवेचे पोचसंदेशही तेव्हाच.

वीस बाइटमध्ये किती मावतं, हे पाहून मला आजही समाधान वाटतं. अख्खा मार्ग ६५ किलोमीटरच्या चौकोनात बसत असेल, तर कोपऱ्यापासूनचं अंतर मीटरमध्ये मोजायला दोन आणि दोन बाइट पुरतात. एक जागा चार बाइटची. दर मिनिटाच्या, अशा शेवटच्या चार जागा सोळा बाइटमध्ये. दोन बाइट क्रमांकाला, एक बॅटरी आणि उपग्रहसंख्येला, एक खुणांना. एखादा संदेश हवेत विरला तरी पुढचा संदेश त्याची भरपाई घेऊन येतो.

गप्प बसण्याचा अर्थ

खुणांच्या त्या एका बाइटवर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे. थोडे पैसे वाचतात म्हणून ॲक्सिलरोमीटर गाळू नका. उपग्रह दिसत नसतानाही माणूस पावलं टाकतोय की निश्चल आहे, हे तोच सांगतो. जागा कळली नाही तरी ट्रॅकरने प्रत्येक फेरीत बोललंच पाहिजे: ‘जागा माहीत नाही, बॅटरी ७० टक्के, माणूस चालतोय.’ एवढं आलं की पडवीत बसलेल्याच्या जिवात जीव येतो.

आता तो आंधळ्या पट्ट्यांचा नकाशा काढा. समजा, ठिपका अशा पट्ट्याच्या तोंडाशी गप्प झाला. त्या धावपटूचा आजवरचा वेग तुमच्याकडे आहे, पट्ट्याची लांबी आणि चढ माहीत आहे. तो पलीकडे कधी उगवायला हवा याची वेळ काढा, तिच्यात निम्मी भर घाला, आणि ती उलटली की गजर वाजवा. त्याआधी कोणाला पळवू नका. पण बॅटरी भरलेली, रेंज चांगली, शेवटची खूण ‘निश्चल’ आणि मग दोन फेऱ्या संदेश नाही, असं झालं तर पाच मिनिटंही थांबू नका. आणि बॅटरी आधीपासूनच उतरत आली असेल, तर पुढच्या नाक्यावर फोन करून बिब क्रमांक बघायला सांगा. आमच्या त्या दुपारी पडद्यावर सारख्याच दिसणाऱ्या तीन शक्यता अशा वेगळ्या होतात.

पडद्यावर प्रत्येक ठिपक्याशेजारी तो किती मिनिटांपूर्वीचा आहे ते लिहा आणि जसजसा शिळा होईल तसतसा फिका करा. काही ॲप जुन्या वेगावरून ठिपका अंदाजाने पुढे सरकवत राहतात. प्रेक्षकांना ते छान वाटतं. नियंत्रण कक्षात ते घातक आहे, कारण बेशुद्ध पडलेला माणूसही पडद्यावर धावताना दिसतो.

मदतीचं बटण तीन सेकंद दाबून ठेवायचं असावं, गार पडलेल्या बोटांनी दाबता यावं इतकं मोठं असावं. तो संदेश फाळ्याची वाट न पाहता लगेच आणि पुन्हा पुन्हा जावा. गेटवेकडून पोच मिळाली की यंत्राने दोनदा थरथरावं. एकट्या पडलेल्या माणसाला ‘ऐकू गेलं’ हे कळणं फार मोठी गोष्ट आहे.

डबी, आदली रात्र आणि परतीचं टेबल

डबी आयपी ६७ दर्जाची हवी, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारी. पण पावसापेक्षा घाम वाईट. चार्जिंगच्या पिनांवर व्होल्टेज राहिलं तर घामाने त्या महिन्याभरात गंजतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना घ्या आणि चार्जर नसताना त्या निर्जीव राहतील अशी सर्किटची रचना करा. रंग भडक केशरी. काळी डबी गवतात पडली की गेली.

आदल्या रात्री तीनशे यंत्रं चार्ज करायची म्हणजे खेळ नव्हे. ट्रे करा, प्रत्येक खाचेला क्रमांक द्या. बिबबरोबर ट्रॅकर देताना दोन्हींचे कोड स्कॅन करूनच जोडी लावा. दोन मित्रांनी गंमत म्हणून अदलाबदल केली, तर तुम्ही भलत्याच माणसाच्या घरी फोन कराल. जागेची माहिती घेण्याआधी धावपटूची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख तोच आहे. थेट जागा सगळ्या जगाला दाखवू नका, धावपटू ज्यांना दुवा देईल त्यांनाच दिसू द्या. पहाटे अंधारात एकटी धावणारी मुलगी या क्षणी कुठे आहे, हे परक्याला कळायचं कारण नाही. निकाल लागले, तक्रारी मिटल्या की नोंदी पुसून टाका.

शर्यतीच्या महिनाभर आधी सराव करा. दहा जण ट्रॅकर बांधून मार्गावर सोडा आणि त्यातल्या एकाला, पडवीतल्या कोणाला न सांगता, वाटेवरून बाजूला होऊन बसायला सांगा. ठिपका थांबल्यापासून माणूस त्याच्यापाशी पोचेपर्यंतची वेळ मोजा. गावातली मुलं, ज्यांना रानातली प्रत्येक वाट ठाऊक आहे, ती या सरावात पहिल्यापासून असू द्या आणि त्यांना त्याचे पैसे द्या. आमच्या पहिल्या सरावात लपलेला माणूस वाटेपासून चाळीस पावलांवर होता आणि शोधणारे त्याच्या वरून दोनदा गेले. तेव्हापासून आमच्या ट्रॅकरमध्ये, पडवीतून आज्ञा गेली की वाजणारी शिट्टी आहे.

परतीचं टेबल फक्त शेवटच्या रेषेवर लावू नका, प्रत्येक नाक्यावर लावा. मध्येच सोडलेला धावपटू दमलेला असतो, मिळेल त्या जीपमध्ये बसतो, आणि त्याचा ठिपका ताशी चाळीस किलोमीटरने पुण्याच्या दिशेला निघतो. ताशी पंचविसाच्या वर सलग वेग दिसला की ‘वाहनात’ अशी नोंद आपोआप पडू द्या आणि त्याला फोन करा. संध्याकाळी दिलेली यंत्रं आणि परत आलेली यंत्रं जुळवा. एक जरी कमी असेल, तर ते कोणाच्या अंगावर होतं ते शोधा, त्या माणसाशी स्वतः बोला, आणि मगच गेटवे उतरवायला माणसं पाठवा.